मास्तरांना उजवा कौल

आमच्या मंडळाचं पूर्ण नाव ‘सागरसूर हौशी वाद्यवृंद व समूहगान मंडळ’. त्यातला ‘हौशी’ एवढाच शब्द शंभर टक्के खरा. सागर तसा जवळ आहे, पण तालीम चालते ती सलिल पटवर्धनांच्या आंब्याच्या पॅकिंग शेडमध्ये. आणि सुराचं म्हणाल, तर बंदरावर सुरमई मिळते तसा तो मिळतो. लवकर गेलात तर.

सीझनमध्ये आम्ही पेट्यांवर बसून वाजवतो. पेट्या मुंबईला गेल्या की उभ्यानं वाजवतो. व्हायोलिनच्या खोक्यात पेंढा सापडतो, तबल्याच्या हातोडीनं कोणीतरी पेट्यांचे खिळे ठोकलेले असतात, आणि मे महिन्यात आमच्या प्रत्येक रागाला हापूसचा वास येतो. मी झांज वाजवतो. आख्ख्या कार्यक्रमात तीनदा. उरलेला वेळ मी नुसता बघत असतो, त्यामुळे यंदा जे झालं ते माझ्याइतकं नीट कोणीच पाहिलेलं नाही.

आमचे संचालक गोपाळकृष्ण आगाशे. शाळेत विज्ञान शिकवायचे म्हणून मास्तर. मास्तरांना संगीतातलं सगळं कळतं, फक्त गाता येत नाही. एकदा एक जागा समजावून सांगताना त्यांनी ती गाऊन दाखवली. बागेतली वानरं कलमांवरून उड्या टाकून पलीकडच्या डोंगरात गेली आणि दोन दिवस फिरकली नाहीत. सलिल इतका खूश झाला, म्हणाला, “मास्तर, दर शनिवारी गाल का? फटाक्यांचा खर्च वाचेल हो माझा!” मास्तर पुन्हा कधी गायले नाहीत.

यंदा मास्तरांनी स्वतः एक मोठं समुद्रस्तवन बांधलं. त्याच्या मधोमध सगळी वाद्यं थांबतात आणि एकच आवाज गातो. एकटा. मंडळाच्या आयुष्यात असं पहिल्यांदाच होणार होतं.

ती जागा मालिनीताई मुळ्यांची, यात शंकाच नव्हती. मालिनीताई पोस्टात होत्या, आता रिटायर. आमच्या समूहगानातल्या प्रत्येकाला त्याचा सूर त्यांनी पाठ करून दिलेला. आवाज असा की पहिल्या रांगेत उभ्या केल्या तर बाकीचे ऐकूच येत नाहीत, म्हणून मास्तरांनी त्यांना कायम मागच्या रांगेत, ओमकारच्या पाठीमागे ठेवलं. ओमकार म्हणजे सव्वासहा फुटांचा माणूस. मालिनीताई पोस्टाच्या खिडकीतल्या म्हणून गावाला माहीत, गाणाऱ्या म्हणून ना आवाज माहीत ना चेहरा. त्यात त्या जूनमध्ये बिऱ्हाड आवरून भोपाळला लेकाकडे चालल्या होत्या. कायमच्या.

“हा शेवटचा कार्यक्रम हो माझा,” त्यांनी मास्तरांना सगळ्यांसमोर सांगितलं. “एकदा तरी एकटीचा आवाज ऐकू दे लोकांना. मग खुशाल विसरा मला.”

मास्तर म्हणाले, “बघू.”

‘बघू’ का, तर मनस्विनी. मनस्विनी पटवर्धन, सलिलची बायको. आवाज गोड, पण पट्टी बाटलीत घातलेल्या सरबतासारखी, बाटलीच्या बाहेर एक थेंब नाही. तिलाही ती जागा हवी होती, आणि शेड तिच्या नवऱ्याची होती. मालिनीताईंना नाही म्हटलं तर समूहगान बसतं, मनस्विनीला नाही म्हटलं तर आख्खं मंडळ रस्त्यावर बसतं. मास्तरांनी पंधरवडाभर दोघींकडे बघून फक्त मान हलवली. दोघींनाही वाटलं, हो म्हणाले.

शेवटी एका शनिवारी दोघी एकदमच गायला उभ्या राहिल्या.

“बसा हो मालिनीताई, मास्तरांनी मला सांगितलंय,” मनस्विनी म्हणाली.

“काय सांगितलंन?”

“मान हलवली.”

“अगो, मान तर त्यांची मानदुखीनंसुद्धा हलते!”

मास्तरांनी घाम पुसला. तेव्हा शिवा बोलला. शिवा आमचा ढोलकीवाला, गाव रत्नागिरीजवळच्या हातखंब्यापासून आत, शेती करतो आणि शिमग्यात गाव वाजवून काढतो. तो म्हणाला, “काय ओ मास्तर, कशाला भांडान? आमच्या देवाला कौल लावू या की. बोरिंग कुठं मारायची ते देव सांगतो, लगीन करायचं का ते सांगतो. ह्ये तर नुसतं गाणं.”

विज्ञान शिकवण्यात जन्म काढलेला माणूस यावर काय म्हणेल? मला वाटलं, शिवाला झापतील. मास्तर म्हणाले, “कधी जाऊ या?”

आम्ही थक्कच झालो. पण मान सगळ्यांनी हलवली. ती सवय मंडळात पसरली होती.

तर रविवारी सलिलच्या आंब्याच्या टेम्पोतून आख्खं मंडळ शिवाच्या गावच्या देवळात. शिवाची आई गोदाबाईही आल्या, कोपऱ्यात बसून तांदूळ निवडायला लागल्या. लवू गुरवानं देवाला आंघोळ घातली, आणि देवाच्या उजव्या खांद्याला एक, डाव्या खांद्याला एक अशा दोन ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर देव हो म्हणाला, डावी पडली तर नाही. सरळ काम. मंत्रालयातसुद्धा एवढं सरळ नाही.

लवूनं गाऱ्हाणं घातलं, “बा देवा म्हाराजा, ही रत्नांग्रीची गाणारी माणसं तुज्या दारात आलीत...”

“होय महाराजा!” आम्ही म्हणालो. सवयीनं तीन आवाजांत म्हणालो, आणि खालचा आवाज सवयीनं उशिरा आला. लवूनं एकदा मागे वळून पाहिलं.

“त्यांच्यात काय एकमत न्हाय...”

“होय महाराजा!” यावर मात्र एकमत होतं.

“तर ती मदली जागा ह्या मालिनीबायनं गावी असं तुज्या मनात असंल, तर उजवी दे.”

मालिनीताईंनी डोळे मिटले. टप. डावी.

त्यांनी डोळे उघडले, पाकळीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “परत लाव.”

“एकदा दिलान की दिलान, बाय. परत इचारायचं न्हाय.”

मनस्विनीचा चेहरा उजळला, तो तिच्या नावाची पाकळी पडेपर्यंत. टप. डावी.

आता आली पंचाईत. देवानं दोघींनाही नाही म्हणावं हे कोणाच्या स्वप्नात नव्हतं. मग एकेकाचं नाव सुरू झालं. ओमकार, डावी. सलिल, डावी. आरोही, वेदिका, पेटीवाला, बासरीवाला, सगळे डावे. माझं नाव घेतलं तेव्हा तर लवूनं वाक्य पुरं करायच्या आतच डावी पडली. एवढी घाई करायची गरज नव्हती. मला झांज आवडते.

नावं संपली. लवू घामाघूम. कोपऱ्यातून गोदाबाई तांदळावरची नजर न काढता म्हणाल्या, “त्या हात हलवणाऱ्या मास्तरांचा कुणी इचारलंन काय?”

सगळे हसले. मास्तरही हसले. लवूनं पाकळ्या लावल्या आणि म्हणाला, “बा देवा, ह्या मास्तरांनी...”

उजवी पडली. नुसती पडली नाही, गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत घरंगळत आली.

देवळात अशी शांतता झाली की बाहेर टेम्पोत कोणीतरी विसरलेला रेडिओ ऐकू यायला लागला. शिवानं हात जोडले. सलिल हळूच म्हणाला, “वानरं गेली.”

“पण मास्तर गायले, तर हात कोण हलवणार?” वेदिकानं विचारलं. प्रश्न बरोबर होता, आणि आता माणसांनी ठरवायचं असतं हे आम्ही सगळे विसरूनच गेलो होतो. लवूनं परत पाकळ्या लावल्या. पहिलंच नाव मालिनीताईंचं. उजवी.

आता नीट बघा काय झालं. ज्या बाईला एकदा लोकांसमोर तोंड उघडायचं होतं, तिला देवानं लोकांकडे पाठ करून तोंड बंद ठेवायचं काम दिलं. आणि ज्या माणसाला तोंड उघडू नकोस म्हणून वानरांनी कळवलं होतं, त्याला माइक दिला.

मालिनीताई देवाकडे बघत राहिल्या. मग एवढंच म्हणाल्या, “मी काय तुझं घोडं मारलं होतं रे?” आणि टेम्पोत जाऊन बसल्या.

एखादं शहाणं मंडळ असतं तर कौल देवळात ठेवून घरी आलं असतं. पण कोकणात देवाला विचारायच्या आधी शंभर वाटा असतात, विचारल्यावर एकच. मनस्विनीसुद्धा कबूल झाली. तिचं सासर मोठं, घरात लग्नकार्य काढलेलं, अशा वेळी देवाला कोण नाही म्हणेल?

तालमी सुरू झाल्या आणि दुसरा धक्का बसला. मालिनीताई हात हलवायला लागल्या की आम्ही चक्क एकत्र वाजायला लागलो. पोस्टात शिक्के मारलेला हात तो, पडायचा तिथेच पडायचा. “ओमकार, जोराने! रांगेत कोणी मागे नाही आता, लपवतोस कोणाला?” व्हायोलिनवाल्यांना म्हणायच्या, “तुम्ही दोघं वेगळ्या गावाला चालला आहात काय? एका गाडीत बसा!” मास्तर बाजूला स्टुलावर. त्यांची जागा आली की ते घशावर बोट ठेवायचे आणि म्हणायचे, “आवाज राखून ठेवतोय.” तेवढा वेळ आम्ही सगळे गप्प बसायचो, आणि त्या शांततेत मालिनीताई ओठ घट्ट मिटून उभ्या असायच्या. त्या जागेतला सूरन् सूर त्यांना पाठ होता. त्यांचा गळा हलताना मला दिसायचा.

एकदा मी त्यांना म्हटलं, “ताई, इथे शेडमध्ये तरी गा. कोण बघतंय?”

“बघत नाही म्हणूनच नाही गायची,” त्या म्हणाल्या. “स्वयंपाकघरात आयुष्यभर गायले रे. तिथे कुकर ऐकतो.”

कार्यक्रमाच्या दिवशी नाट्यगृह भरलेलं. गावात बातमी पसरली होती की आगाशे मास्तर गाणार. त्यांचे जुने विद्यार्थी तर सूड म्हणून आले होते. पहिल्या रांगेत प्रमुख पाहुणे, शिमग्यात नमनाचे खेळ करणाऱ्या एका जुन्या मंडळाचे म्होरके, आणि शेजारी गोदाबाई.

मंचावर आम्ही इतके की पाय ठेवायला जागा नाही. म्हणून मालिनीताई आमच्याकडे तोंड करून आणि मास्तर लोकांकडे तोंड करून, अगदी पाठीला पाठ लावून उभे. दोघांच्या डोक्यावर छतावरून टांगलेला एकच माइक. मी कडेला, दोघांचेही चेहरे दिसतील असा. माझी पहिली झांज झाली, दुसरी झाली. समुद्र काय उसळला म्हणून सांगू! मग मालिनीताईंनी मूठ मिटली, वाद्यं थांबली, आणि मास्तरांनी तोंड उघडलं.

काहीच आलं नाही.

मला वाटलं, माइक गेला. माइक चालू होता. त्यातून मास्तरांचा श्वास ऐकू येत होता. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मास्तरांनी मंचावर आख्खी हयात लोकांकडे पाठ करून काढली होती. प्रेक्षक नावाची वस्तू त्यांनी समोरून कधी पाहिलीच नव्हती! ते डोळे फाडून बघत होते. कोणी वडा खातंय, कोणी फोनवर शूटिंग करतंय, त्यांचे स्वतःचे मेव्हणे झोपलेत. त्यांचं तोंड उघडं ते उघडंच.

मागे कोणीतरी खोकलं. मालिनीताईंनी खांद्यावरून मान वळवून मास्तरांच्या उघड्या तोंडाकडे पाहिलं. मग समोर बघितलं, आमच्याकडे. त्यांचे हात वर होते. आणि त्या गायला लागल्या.

मी सांगू शकत नाही तो आवाज कसा होता. आम्ही तो इतकी वर्षं ओमकारच्या पाठीमागून ऐकत होतो. भिंतीपलीकडचा सण जसा ऐकू येतो तसा. आता भिंत नव्हती. आरोहीच्या हातातून कागद पडला. शिवाची बोटं ढोलकीवर तशीच चिकटून राहिली.

पण हे आम्हाला दिसत होतं. लोकांना काय दिसत होतं? एका बाईची पाठ. आणि त्या पाठीच्या अलीकडे उभे मास्तर, ज्यांचं तोंड उघडं होतं, आणि भीतीनं ओठ थरथरत होते. अगदी तालात.

जागा संपली. माझी तिसरी झांज मी विसरलो, कोणालाच कळलं नाही. नाट्यगृह उठून उभं राहिलं. टाळ्या, शिट्ट्या. “आगाशे मास्तर! आगाशे मास्तर!” मेव्हणे जागे होऊन सगळ्यात जोरात ओरडत होते.

प्रमुख पाहुणे डोळे पुसत मंचावर आले. आमच्याकडे नमनात गवळणी बाप्येच होतात, मिशी काढतात आणि पदर घेतात, त्यामुळे त्यांना यात काही वावगं वाटलंच नाही. “आमच्या वेळचे गवळण करणारे असे गायचे,” ते म्हणाले. “बायकांना लाजवतील! मास्तर, मिशी उतरवा, शिमग्याला आमच्याकडे या.” मास्तरांच्या गळ्यात हार. मास्तर काहीतरी सांगायला बघत होते, हाताने मागे खुणा करत होते, पण समोर प्रेक्षक, तोंडातून हवा. लोकांना वाटलं, काय हा विनय!

“वन्स मोअर! वन्स मोअर!”

मालिनीताईंचा चेहरा मी पाहिला. आधी त्यावर नुसता धक्का होता. मग तो गेला आणि तिथे पोस्टाची खिडकी उघडल्यासारखं काहीतरी झालं. त्या गर्रकन वळल्या. मास्तरांना एका हाताने बाजूला सारलं, आणि लोकांकडे तोंड करून, हात पाठीमागे नेऊन आम्हाला खुणा करत, पुन्हा गायल्या. पाठीमागच्या हातात डावं-उजवं उलटं झाल्यानं व्हायोलिनवाले भलत्याच वेळी घुसले आणि बासरीवाल्यानं पुढचं गाणं धरलं. त्या थांबल्या नाहीत. पूर्ण जागा गायल्या, तोंडावर दिवा, एकट्या.

लोक माना उंच करून बघायला लागले. आता कळलं, मी म्हटलं. आता कळलंच.

तिसऱ्या रांगेतून एक काका उठले आणि आनंदानं ओरडले, “अरे! ह्या बाई हुबेहूब मास्तरांचा आवाज काढतात!”

आणि टाळ्यांचा पाऊस! “काय नक्कल आहे!” “मास्तरांचीच शिष्या असणार!” प्रमुख पाहुण्यांनी मास्तरांच्या सत्कारातला उरलेला नारळ मालिनीताईंच्या हातात दिला आणि पाठीवर थाप मारली. “छान हो. मेहनत घ्या, एक दिवस त्यांच्यासारख्या व्हाल.”

मालिनीताईंनी नारळ घेतला. त्या हसल्या नाहीत, रडल्या नाहीत. बहुतेक तो फोडायला डोकं शोधत होत्या.

पहिल्या रांगेत गोदाबाई कपाळावर हात मारून शेजारणीला म्हणाल्या, “बाईचा आवाज बाईचा न्हाय, असं कवा झालंय काय?” पण टाळ्यांत ते कोणाला ऐकू जाणार?

तेव्हा मास्तरांनी हार काढला. ते माइकखाली आले. लोक शांत झाले, आणखी एक मेजवानी म्हणून सरसावून बसले. मास्तरांनी प्रेक्षकांकडे एकदा बघितलं. मग त्यांनी चक्क पाठ फिरवली, आमच्याकडे तोंड केलं. सवयीचा देखावा दिसल्याबरोबर त्यांचा श्वास मोकळा झाला. ते आम्हाला म्हणाले, हळू, “माफ करा हं.” आणि ते गायले.

तीच जागा. स्वतःच्या आवाजात. पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत, एकही न सोडता आणि एकही न लागता.

मी काय वर्णन करू? पुढच्या रांगेत एक पोर किंचाळून रडायला लागलं. प्रमुख पाहुण्यांनी टोपी कानांवर ओढली. व्हायोलिनची एक तार आपण होऊन तुटली. मेव्हण्यांनी मान खाली घातली. मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, हे फक्त आम्हालाच दिसत होतं, पण त्यांनी सम येईपर्यंत सोडलं नाही. मग ते वळले, प्रेक्षकांकडे न बघता मालिनीताईंकडे बोट दाखवलं, आणि मटकन खाली बसले.

लोक मास्तरांकडे बघत होते, मग मालिनीताईंकडे, मग परत मास्तरांकडे. कानांवर विश्वास ठेवायला माणसांना किती वेळ लागतो ते मी तेव्हा पाहिलं. तिसऱ्या रांगेतले काका अजून उभेच होते. ते हळूहळू बसले.

“म्हणजे... मघाशीसुद्धा...?” प्रमुख पाहुणे म्हणाले.

“मघाशीसुद्धा,” मालिनीताई म्हणाल्या. “दोन्ही वेळा.”

कोणी टाळी वाजवली नाही. लाज वाटत होती सगळ्यांना. पहिल्या रांगेतून गोदाबाई उठल्या. दोन्ही हात तोंडाशी नेऊन ओरडल्या, “बाय, म्हण परत! आता आमी तुजं आयकतो!”

मालिनीताईंनी नारळ मास्तरांच्या मांडीवर ठेवला. पदर खोचला. मग आमच्याकडे वळून बघितलं. आम्ही सगळे मांडीत वाद्यं घेऊन, आ वासून, ठोंब्यासारखे बसलेलो.

“काय रे,” त्या म्हणाल्या, “वाजवणार आहात, की एकटीच गाऊ?”

मनस्विनी सगळ्यात आधी म्हणाली, “एकटीच गा, ताई.”